बीसीए की बीकॉम? घरी आडत दुकान आहे

प्रश्न (लातूर): बारावी कॉमर्स झाले. पप्पांचं मोंढ्यात आडत दुकान आहे. मला कॉम्प्युटरची आवड आहे, पण धंद्यापासून लांब जायचं नाही. काय घेऊ?

उत्तर (नांदेड): आधी सीईटीचं बघ. २०२४ पासून एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) मान्यतेच्या कॉलेजात बीसीए-बीबीएला ती लागते. फॉर्मची तारीख हुकवू नको.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर): ताई, मी बीसीए करून एका बियाणे कंपनीत ईआरपी, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर, सांभाळतो. कोडिंग शिकता येतं गं, धंदा कळायला वेळ लागतो, अन् तो तुझ्या घरातच आहे. पप्पांची एक हिशोबपट्टी समोर घे: शेतकऱ्याचं नाव, गाव, कट्टे, वजन, भाव, हमाली, तोलाई. आता तोच शेतकरी सोयाबीन घेऊन पुन्हा आला आणि या वेळी मुनीमजींनी नाव जरा वेगळं लिहिलं, तर त्याची उचल कुठल्या खात्यातून वळती करायची? म्हणून शेतकऱ्यांचा तक्ता वेगळा ठेवायचा, प्रत्येकाला एक क्रमांक द्यायचा आणि पट्टीच्या तक्त्यात तेवढा क्रमांकच लिहायचा. डेटाबेस विषयाचा पाया हाच. नुसत्या टॅलीच्या क्लासवर भागवू नको, हे माझं स्पष्ट मत. बीसीए घे, पण अकाउंट्स सोडू नको.

प्रश्नकर्ती: दादा, बारावीला गणित नव्हतं. जमेल का?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर): जमेल. सेट आणि लॉजिक सुट्टीतच करून घे. आणि रोज संध्याकाळी दुकानात बसून पट्ट्या एक्सेलमध्ये चढव.