कोपऱ्यात दडलेलं पिल्लू घ्यावं की नाही? माझं मत : दडण्यावर नाही, बाहेर येण्यावर ठरवा

जुळे_सोलापूरकर

गेल्या रविवारी विजापूर रोडला एका ब्रीडरकडे लॅब्रॅडॉरची पिल्लं बघायला गेलो होतो. सात पिल्लं होती. सहा जणं पायात घुटमळत होती, चपलेचा अंगठा चावत होती. सातवी, फिकट पिवळी मादी, पाण्याच्या टाकीमागे भिंतीला चिकटून बसलेली. ब्रीडर म्हणाले, "ती जरा भित्री आहे. तीन हजार कमी द्या आणि घेऊन जा." मेव्हणा सोबत होता, त्याने कानात सांगितलं, भित्रं कुत्रं पुढे चावरं निघतं, हात लावू नकोस.

मी तिथे पाऊण तास बसलो. टाकीकडे अंग तिरकं ठेवून फरशीवर मांडी घातली आणि किल्ल्यांचा जुडगा खाली टाकला. सगळीच पिल्लं दचकली. सहा जणं लगेच विसरली. तिचे कान मागे गेले, अंग आकसलं. मिनिटभराने टाकीमागून नाक दिसलं, मग एक पाय, मग फरशी हुंगत हुंगत ती किल्ल्यांपर्यंत आली, नाक लावलं आणि परत पळाली. थोड्या वेळाने पुन्हा जुडगा टाकला, तर निम्म्या वेळात बाहेर. तिसऱ्यांदा तिने माझा अंगठा चाटला.

माझ्या लेखी हे पिल्लू सावध आहे, भित्रं नाही. घाबरल्यावर ते किती वेळात सावरतं आणि दर खेपेला लवकर सावरतं का, हे बघायला हवं. अर्धा तास थरथरत बसलेलं, नाकाशी खाऊ धरला तरी तोंड न लावणारं, उचललं की लाकडासारखं ताठ होणारं पिल्लू वेगळं. ते मीही घेणार नाही. पण पहिल्या पाच मिनिटांत कोण अंगावर उडी मारतं यावरून लोक पिल्लू निवडतात, ते मला पटत नाही.

होटगीरोड

दादा, तुमचा जीव त्या पिल्लात अडकलाय हे कळतंय, पण मी याच्या पूर्ण विरोधात आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही असंच दया येऊन एक पिल्लू आणलं. तेही "थोड्या वेळाने येतं बाहेर" असंच होतं. आज गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत होम मैदानावर शोभेचं दारूकाम सुरू झालं की ते न्हाणीघरात बादलीमागे शिरतं आणि सकाळपर्यंत पाणी पीत नाही. गेल्या दिवाळीत माझा पुतण्या त्याला बाहेर काढायला गेला, तर मनगटाला चार दात लागले. मूल आठ वर्षांचं. चूक कुत्र्याची नाही, मी त्याला दोष देतच नाही. पण ज्या घरात लहान मुलं आहेत तिथे असं पिल्लू आणू नये.

आणि तुम्ही किल्ल्या टाकल्या त्या शांत अंगणात. आमच्या मागच्या गल्लीत दिवसभर यंत्रमाग खडखडतात. तिथे सावरणं वेगळं. शिवाय तीन हजार कमी करून भित्रं पिल्लू विकलं जातं म्हटल्यावर तो ब्रीडर पुढचं वेत सुधारायला कशाला जाईल?

मंगळवेढ्याचा_माळ

आमच्याकडे तीन पिढ्या कारवानी आहेत, म्हणून दोन शब्द. ही चाचणी सगळ्या जातींना एका मापाने लावू नका. कारवानी नजरेने शिकार करणारा कुत्रा, परक्याचा हात अंगाला लागलेला त्याला मुळात आवडत नाही. आमचं चांगलं पिल्लूसुद्धा पाहुणा आला की चार हात लांब उभं राहून बघतं. पुण्या-मुंबईची माणसं येतात आणि "हे घाबरट आहे" म्हणून परत जातात. लांब उभं राहून *बघणारं* पिल्लू आणि तोंड फिरवून भिंतीत घुसणारं पिल्लू, यातला फरक डोळ्यांना शिकवावा लागतो. लॅब मात्र माणसात रमणारी जात. लॅबचं पिल्लू टाकीमागे बसलं असेल तर मी जरा जास्त विचार करेन.

आणि कोणत्या वेळी गेला होतात? आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी बेचाळीस डिग्रीत कोणतंही पिल्लू सावलीच धरणार की.

जुळे_सोलापूरकर

सकाळी साडेआठला गेलो होतो. ऊन नव्हतं.

दवाखान्यातली_ताई

मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते. दोघांचंही थोडं बरोबर आहे, पण मूळ मुद्दा कोणीच घेतला नाही : आई पाहिलीत का?

भित्रेपणा रक्तातून येतो. अमेरिकेत अर्कान्सा विद्यापीठात पॉइंटर जातीच्या कुत्र्यांची एक घाबरट वंशावळ पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली होती. माणूस दिसला की ती कुत्री थिजून जायची. त्यात पिल्लांना कोणी मारलेलं नव्हतं की छळलेलं नव्हतं.

पण वाढवण्याचाही वाटा तेवढाच मोठा. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लू जे बघतं ते त्याला आपलं वाटतं. अमेरिकेतच १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही पिल्लांना चौदा आठवडे माणसाचा सहवासच मिळू दिला नाही. नंतर ती माणसाला जंगली जनावरासारखी बिचकत राहिली. त्यामुळे ब्रीडरला विचारा : पिल्लं शेडमध्येच वाढली की घरात? मिक्सरचा आवाज, झाडू, लहान मुलं यांतलं काय काय त्यांनी पाहिलंय?

आता किल्ल्यांबद्दल. एकोणपन्नासाव्या दिवशी पिल्लांची चाचणी घ्यायची पद्धत परदेशात खूप चालते. स्वीडनमध्ये ६३० जर्मन शेफर्ड पिल्लांची आठव्या आठवड्यात चाचणी घेतली आणि मोठेपणी पुन्हा तपासली. मेळ बसला नाही. हा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे दादा, तुमचा जुडगा त्या दिवशीचं पिल्लू सांगतो, दोन वर्षांनंतरचं कुत्रं सांगत नाही. हे धीट दिसलेल्या सहा जणांनाही लागू आहे, तेही लक्षात घ्या.

पिल्लाचं वय किती सांगितलं?

जुळे_सोलापूरकर

पन्नास दिवस. आई मागितली होती बघायला. "शेतावर आहे" म्हणाले.

होटगीरोड

बघा! सात पिल्लं इथे आणि आई शेतावर. पन्नास दिवसांची पिल्लं आईपासून तोडली आणि विकायला काढली. हेच तुमचं उत्तर आहे, किल्ल्या कशाला टाकताय?

दवाखान्यातली_ताई

पन्नास दिवसांचं पिल्लू विकताच येत नाही. २०१७ च्या केंद्राच्या नियमांत आठ आठवडे, म्हणजे छप्पन दिवस पूर्ण झाल्याशिवाय विक्री नाही, आणि ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. नोंदणीचा कागद मागा. दाखवायला टाळाटाळ केली तर उठून या.

अजून एक. वेतातलं एकच पिल्लू कोपरा धरून बसत असेल तर आधी ते आजारी आहे का बघा. जंत, ताप, कान दुखणं, पार्व्होची (उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या विषाणू आजाराची) सुरुवात. दवाखान्यात येणारी कितीतरी "लाजाळू" पिल्लं प्रत्यक्षात आजारी असतात. पोट फुगलंय का, हिरड्या फिक्या आहेत का, हे घरी नेण्याआधी तपासून घ्या.

जुळे_सोलापूरकर

ताईंचं ऐकून परवा पुन्हा गेलो. आई दाखवा, नाहीतर व्यवहार नाही, असं सांगितलं. शेतावर घेऊन गेले. पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी पिंजरा, त्यात ती. मी दहा फुटांवर असतानाच मागच्या जाळीला जाऊन टेकली, शेपूट पोटाखाली, पाय थरथरत होते. मी खाली बसून भाकरीचा तुकडा टाकला. वीस मिनिटं थांबलो. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. मालकानेच टाकला तरी नाही. नोंदणीचा कागद "काढायला टाकलाय".

होटगीरोड, तुमचा मुद्दा मान्य करतो. आईबद्दल मी आधी विचारच केला नव्हता, तो करायला हवा होता. माझ्या घरी सहा वर्षांची मुलगी आहे. पैसे दिले नाहीत.

पण पिल्लाबद्दलचं मत बदललेलं नाही. परतताना अंगणात थांबलो तर ती स्वतःहून टाकीमागून आली. पाच दिवसांपूर्वी एकदाच भेटलेल्या माणसाकडे आली. अशा आईच्या पोटी जन्मून, तिच्यापासून तुटून ती एवढं सावरते, तर तिच्यात काहीतरी आहेच. तिला शांत घर मिळालं तर ती चांगली निघेल, असं मला मनापासून वाटतं.

होटगीरोड

नाही म्हणालात ते बरं केलंत. वाईट वाटतंय ते समजतं, मलाही त्या पिंजऱ्यातल्या आईचं वाचून झोप आली नाही. पण दुसऱ्या कुणी घ्यावं असंही मी म्हणणार नाही. पैसे कुणीही दिले तरी त्याच पिंजऱ्यातून पुढचं वेत निघणार. आधी तक्रार करा.

मंगळवेढ्याचा_माळ

तक्रार कराच, सही लागली तर मी करतो. पण ते पिल्लू तोवर कुठे जाणार? आमच्या वस्तीवर फटाके नाहीत, लहान मुलं नाहीत, सोबतीला म्हातारी शांत कारवानी कुत्री आहे. छप्पन दिवस कधी भरतात ते कळवा. ताई, त्या दिवशी तपासायला तुम्ही सोबत याल का?