दाखला हातात ठेवला की शाळा मोकळी, पण घराचं काय?

सिडकोकर:
काल इथेच एकाने लिहिलं, ‘दोन टारगट पोरांचा दाखला काढा, बाकीची ५८ सुखाने शिकतील.’ रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. माझ्या भावाला मारामारीवरून नववीत असाच दाखला दिला. वर्षाच्या मध्यात एकही शाळा घेईना. उंबरे झिजवताना नाशिकमधल्या अंबडच्या कंपनीत आईचे खाडे पडले, ठेकेदाराने दुसरी बाई लावली. शेवटी बाहेरून दहावी द्यायचा १७ नंबरचा फॉर्म भरला आणि क्लासची फी उसनवारीने. तो त्रिमूर्ती चौकात कोणासोबत उभा राहतो हे बघायला बहिणीने कॉलेज बुडवलं. हा हिशेब शाळेच्या कुठल्या वहीत आहे?

पंचवटीचा बाप:
आणि ज्याने मार खाल्ला त्याचा हिशेब? माझ्या पोराच्या कपाळावर चार टाके पडले, महिनाभर तो शाळेचं नाव काढू देत नव्हता. तुम्हाला फक्त मारणाऱ्याचं घर दिसतं.

निवृत्त बाई:
शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ बघा. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढताच येत नाही. २०१९च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत नापास करायची मुभा दिली, काढायची नाही. म्हणून नववी उजाडायची वाट बघतात. मारामारी हे निमित्त असतं हो, खरी भीती दहावीच्या निकालाची. कच्च्या पोरांच्या पालकांकडून ‘स्वखुशीने दाखला नेत आहे’ असा अर्ज लिहून घेताना मी स्वतः पाहिलंय.

गणिताचा मास्तर:
बाई, शंभर टक्क्यांचा फ्लेक्स बघून प्रवेशाला रांग कोण लावतं? पालकच ना? निकाल दोन टक्क्यांनी घसरला की संस्थाचालक आम्हाला उभं करतात. वर्गात ६० पोरं, त्यात निवडणुकीची कामं.

निवृत्त बाई:
तीस वर्षं तीच कामं मीही केली. पोरं गाळली नाहीत.

गणिताचा मास्तर:
तुमच्या वेळी फ्लेक्स नव्हते! एक वर्ष माझ्या जागी येऊन दाखवा.

सिडकोकर:
फ्लेक्सचं भांडण दुसरीकडे करा. माझ्या भावाला नापास केलं नव्हतं, हाकललं होतं. ते दोघं का भांडले, एवढंसुद्धा कोणी विचारलं नाही.

पंचवटीचा बाप:
पटत नाही, तरी एक सांगतो. आमच्या पोराला मारणाऱ्यालाही काढलं. आता तो दुपारभर आमच्याच गल्लीच्या तोंडाशी असतो. शाळेत निदान मास्तर मध्ये पडायचे. आता पोराला आणायला मीच दुकान बंद करून जातो, रोज.