सरपंचपदाचे महिला आरक्षण दर निवडणुकीला फिरवावे का?

मूळ धागा
सत्तेत स्त्रियांचा वाटा वाढवण्यासाठी जगभर जे उपाय झाले, त्यांत आरक्षण सर्वांत परिणामकारक ठरले, असे माझे मत आहे. रवांडाने २००३ च्या राज्यघटनेत निर्णय घेणाऱ्या संस्थांमध्ये स्त्रियांना किमान ३० टक्के जागा दिल्या आणि २००८ मध्ये तेथील प्रतिनिधिगृहात ८० पैकी ४५ स्त्रिया निवडून आल्या. आपल्याकडे ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत एक तृतीयांश जागा राखल्या गेल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये ते प्रमाण निम्म्यावर नेले. माझा आक्षेप आरक्षणाला नसून ते दर मुदतीला सोडतीने फिरवण्याला आहे, कारण सरपंचबाईंना अंदाजपत्रक, निविदा आणि ग्रामनिधीचा हिशेब उलगडू लागेपर्यंत पाच वर्षे सरतात आणि पुढच्या सोडतीत पद खुले होते. आरक्षण सलग दोन मुदती ठेवावे.

प्रतिसाद १ : असहमत
तसे केल्यास सरपंचपती पाचऐवजी दहा वर्षे कारभार पाहतील, इतकेच. बाईंना फोन लावला की तो पती उचलतात, ग्रामसभेत माइक त्यांच्याच हाती असतो आणि ग्रामसेवकाच्या जोडीने लागणाऱ्या सहीपुरते चेकबुक घरात जाते. रवांडाचे कौतुकही आवरते घ्यावे. सारी सत्ता राष्ट्राध्यक्षांपाशी एकवटलेली असताना सभागृहातल्या बहुमताला अर्थ किती? नॉर्वेने पब्लिक लिमिटेड कंपन्यांच्या संचालक मंडळांवर ४० टक्के स्त्रियांची सक्ती केली, तेव्हा काही कंपन्यांनी आपले कायदेशीर स्वरूपच बदलून घेतले. पळवाट काढणारे सगळीकडे असतात.

प्रतिसाद २ : प्रतिसाद १ यांस
सरपंचपती आहेत, हे कोण नाकारतो? मात्र त्यावरून बाईंच्या पदाचा काहीच उपयोग होत नाही, असा निष्कर्ष निघत नाही. अर्थतज्ज्ञ राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी बंगालमधील बीरभूम व राजस्थानातील उदयपूर या जिल्ह्यांत केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणती गावे राखीव, हे तेथे कोणाच्या मर्जीने ठरलेले नसल्यामुळे राखीव आणि खुल्या गावांची तुलना निर्वेधपणे करता आली. उदयपूरमध्ये स्त्रियांच्या तक्रारी पिण्याच्या पाण्याच्या अधिक होत्या, पुरुषांच्या रस्त्यांच्या. राखीव गावांत पाण्याची कामे वाढली आणि रस्त्यांची घटली. सारे पतीच ठरवत असते, तर असा फरक पडला नसता. पुढे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बंगालमधील अभ्यासात असे दिसले की, जेथे प्रधानपद (तेथील सरपंचपद) स्त्रियांसाठी लागोपाठ दोनदा राखीव होते, तेथे नंतर बिनराखीव जागांवरही स्त्रिया अधिक संख्येने उभ्या राहिल्या आणि निवडूनही आल्या. एका मुदतीत हे साधले नव्हते.

मूळ धागालेखक
म्हणूनच दोन मुदती. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीत लोकसभा आणि विधानसभांतील महिलांच्या राखीव जागा प्रत्येक मतदारसंघ पुनर्रचनेनंतर फिरतील, अशी तरतूद ठेवली, दर निवडणुकीनंतर नव्हे. खासदारांना मिळणारे हे स्थैर्य सरपंचांना का नको?

प्रतिसाद १
बंगालचा दाखला वजनदार आहे, हे मान्य. पण महिला आरक्षण अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव पदांतही विभागलेले असते. सर्वसाधारण महिलेसाठी एखादे गाव दहा वर्षे अडले, तर तेथील अनुसूचित जातीच्या बाईची संधी आणखी पाच वर्षे लांबेल, आणि लहान तालुक्यांत तर ही संधी आधीच फार उशिरा येते. या वेगवेगळ्या प्रवर्गांचा क्रम कसा लावणार, हे आधी मांडावे.