कॉन्फिग फाइल गंडली त्या दिवशी (अनुभव धागा)

धागाकर्ता:
आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांची ईमेल लिस्ट अजून मेलमन २.१ वर (लिस्ट सांभाळणारा प्रोग्राम) चालते. तो ज्या पायथन २ भाषेत लिहिलाय तिचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला हे माहीत आहे, टोमणे नंतर मारा. परवा रात्री वीज गेली आणि यूपीएसनं मान टाकली. सकाळी बघतो तर लिस्टच्या फोल्डरात कॉन्फिग.पीसीके शून्य बाइट. म्हटलं, हरकत नाही, शेजारी तिची आधीची प्रत, कॉन्फिग.पीसीके.लास्ट, असतेच. तीही शून्य! एरर लॉगची शेवटची ओळ सांगत होती की सगळे पर्याय बिघडलेले आहेत, मी हात टेकले.

पोटात गोळा आला. सभासद, त्यांचे पासवर्ड, कोण डायजेस्ट (अनेक पत्रांचा एकत्र गठ्ठा) घेतं, कुणाची पत्रं परत येतात, लिस्टचा सगळा संसार या एका फाइलीत असतो.

दोन्ही एकदम कशा गेल्या, हे नंतर उलगडलं. मेलमन आधी तात्पुरत्या फाइलीत लिहितो, चालू फाइलीला ‘लास्ट’ करतो, मग तात्पुरतीला खरं नाव देतो. पद्धत चांगलीच आहे. पण मजकूर खरोखर डिस्कवर उतरेपर्यंत थांबण्यासाठी सिंक_आफ्टर_राइट नावाची सेटिंग आहे आणि ती मुळात बंद असते. त्यात लिस्टवर एक पत्र आलं तरी फाइल सेव्ह होते. लागोपाठ दोन पत्रं आली आणि अंधार झाला. नावं बदलून झाली होती, मजकूर मेमरीतच राहिला.

आता रविवारच्या बॅकअपवर भिस्त आहे. तोवर तुमचेही किस्से येऊ द्या. उपदेश नको, घडलेलं सांगा.

रात्रपाळी:
माझी फाइल बिघडलीच नव्हती, हाच माझा किस्सा. बॅकअपमधून परत आणली ती रूट (सर्वाधिकारी खातं) होऊन. मालक रूट, ग्रुपही रूट. ब्राउझरमध्ये ‘वुई आर सॉरी, वुई हिट अ बग’ असं मोठ्या अक्षरात आलं आणि मी ठरवून टाकलं की बॅकअपच सडका आहे. मग त्याच्या आदल्या दिवशीचा काढला, मग त्याच्या आदल्या दिवशीचा. चौथ्या बॅकअपनंतर लॉग वाचायची बुद्धी झाली. ‘परमिशन डिनाइड’, म्हणजे मेलमनला फाइल उघडायचीच परवानगी नव्हती. परवानग्या दुरुस्त करणारं चेक_पर्म्स -एफ चालवलं, दहा सेकंदांत लिस्ट सुरू. धागाकर्ते, रविवारची फाइल उतरवाल तेव्हा हे आठवा. (उपदेश झाला वाटतं. माफी.)

बोटांना खाज:
आमचं डोमेन बदललं. मी हुशार. कॉन्फिग.पीसीके उघडली एडिटरमध्ये, जुनं नाव शोधलं, नवं टाकलं, सेव्ह. फाइल उघडताना मधेमधे चौकोन आणि चित्रविचित्र अक्षरं दिसत होती, तरी हात थांबला नाही.

ती पायथनची पिकल फाइल असते, म्हणजे प्रोग्रामनं आपल्यासाठी साठवलेली माहिती, साधा मजकूर नव्हे. प्रत्येक शब्दाआधी त्याची लांबी लिहिलेली असते. नवं डोमेन जुन्यापेक्षा ३ अक्षरांनी मोठं होतं. वाचणारा मोजून तेवढीच अक्षरं उचलतो, उरलेली ३ आज्ञा म्हणून वाचायला जातो आणि तिथेच कोसळतो.

गंमत म्हणजे मला काही कळलंच नाही. लिस्ट चालूच, फक्त डोमेन जुनंच. पुन्हा बदललं, पुन्हा जुनं. भूत आहे की काय! फोल्डर नीट पाहिलं तर तिथे कॉन्फिग.पीसीके.करप्ट नावाची फाइल. मेलमन दर वेळी माझं पाप त्या नावानं बाजूला ठेवत होता आणि ‘लास्ट’वरून फाइल गुपचूप नीट करत होता. डोमेन बदलायला मेलमनच्याच विथलिस्ट या आज्ञेतून फिक्स_यूआरएल चालवायचं असतं, हे मग वाचलं.

कुलकर्ण्यांची धाकटी:
आमचं छोटंसंच. सहकाऱ्यानं एमएम_सीएफजी.पीवायमध्ये (सगळ्या लिस्टांची सामायिक सेटिंग्ज फाइल, तीही पायथनमध्ये) घालायची ओळ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, मी तशीच चिकटवली. अवतरणचिन्हं वाकडी झालेली. एक लिस्ट नाही, सगळ्याच्या सगळ्या झोपल्या.

जुनं हाड:
तुम्ही सगळे कालची पोरं. मी न्यू जर्सीत मेजरडोमो (असाच लिस्ट चालवणारा जुना प्रोग्राम) सांभाळत असे. तिथे प्रत्येक लिस्टची साधी मजकुराची कॉन्फिग फाइल. लांब मजकूर ‘<<’ आणि ‘एंड’ असं लिहून सुरू करायचा, संपला की एका ओळीत ‘एंड’. स्वागताचा मजकूर आटोपशीर करताना मी ती शेवटची ओळच उडवली. खालच्या सगळ्या सेटिंग्ज मजकुरात वाहून गेल्या. पण फाइल डोळ्यांनी वाचता येत होती, म्हणून पाच मिनिटांत सापडलं. पिकलमध्ये ते सुख नाही.

रात्रपाळी:
@जुनं हाड, वाचता येतं की. मेलमनचं डंपडीबी चालवा, पिकलमधलं सगळं समोर.

जुनं हाड:
फाइल धड असली तर. बिघडलेल्या फाइलीवर तेही तोंड फिरवतं.

लेखनिक:
सेटिंग्जसाठी मेलमनची कॉन्फिग_लिस्ट ही आज्ञा वापरा, साध्या मजकुरात निघतात. सभासद मात्र त्यात नसतात, ते लिस्ट_मेंबर्सनं वेगळे काढायचे. मी एकदा त्या मजकुरात लिस्टचं वर्णन देवनागरीत घातलं आणि पायथन रुसला. फाइलीच्या डोक्यावर ‘यूएस-आस्की’ (म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरं) लिहिलेलं असतं, त्याखाली मराठी कसं चालेल? तेव्हापासून आधी -सी लावून नुसतं तपासते, मगच आत घालते.

धागाकर्ता:
ताजी खबर. रविवारची फाइल उतरवली, चेक_पर्म्स चालवलं (रात्रपाळी, धन्यवाद), सिंक_आफ्टर_राइट चालू केलं. रविवारनंतर आलेले सभासद सबस्क्राइब लॉगमधून काढले. त्यात ‘न्यू’ लिहिलेल्या ९ ओळी होत्या, ते नऊ जण हातानं घातले आणि निवांत झोपलो.

‘डिलीटेड’ लिहिलेल्या ओळी बघायच्या राहिल्या. सोमवारी भांडून बाहेर पडलेले एक ज्येष्ठ सभासद बॅकअपबरोबर परत आले. आज सकाळी त्यांचं पत्र आलंय, तेही लिस्टवरच, सगळ्यांना.