मुंबईच्या रेल्वे ब्लॉकच्या (कामासाठी लोकल बंद) दिवसांत तुम्ही काय काय केलंत? किस्से येऊ द्या

सातबावन्न_डोंबिवली: परवा ठाण्याला पाच नंबर फलाटावर उतरले. एक बाई दोन पोरं आणि ट्रॉली बॅग घेऊन समोरून सरळ चालत गेली, कुणाचं कोपर न खाता. एकदम २०२४ च्या मे अखेरचा ६३ तासांचा ब्लॉक आठवला. हाच फलाट दोन-तीन मीटर रुंद करायला घेतला होता तेव्हा.

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दादरला, नेमकं त्या शुक्रवारी. तो दिवस निभावला. शनिवारी दहाला पट्टी काढायला बोलावलेलं, आणि त्या एका दिवशी ५३४ लोकल रद्द! शेजारच्या काकांनी ओमनी काढली. शीळफाट्याला दीड तास जागेवर. सासूबाई उघड्या डोळ्याने मला दुकानांच्या पाट्या वाचून दाखवत होत्या, "अगं, इथे पण मिसळ मिळते." पाऊण वाजता पोचलो तर डॉक्टर जेवायला गेलेले. पट्टी उघडल्यावर पहिलं वाक्य काय, तर "किती घामेजली आहेस गं तू!"

तुमचंही लिहा.

खडीवाली: आमचे हे त्या कामावर होते. आधी रूळ सरकवले, मग वरची वायर, मग तयार सिमेंटचे चौकोनी ठोकळे क्रेनने आणून बसवले. मे महिन्यात दुपारी रुळाला हात लावून बघा एकदा. रविवारी साडेतीनला ब्लॉक संपला, हे रात्री घरी. बुटांतून वाटीभर खडी निघाली, जेवायला वाढेपर्यंत हे पाटावरच झोपलेले. मुलाने ती खडी कुंडीत टाकली आहे.

सातबावन्न_डोंबिवली: ताई, ह्यांना नमस्कार सांगा. तेव्हा आम्ही गाडीत बसून जे काय बोललो त्याबद्दल सॉरी पण सांगा.

कोपरीकर: मी वर्क फ्रॉम होम. ब्लॉक आवडतो 😁

डाऊनफास्ट: @कोपरीकर गप रे. सीएसएमटीला त्याच वेळी ३६ तासांचा वेगळा होता, दहा-अकरा नंबर फलाट लांब करायला, २४ डब्यांच्या गाड्यांसाठी. भायखळ्याला उतरून फोर्टपर्यंत चालत गेलो. नवे बूट. पुढचं सांगत नाही.

आकाशकंदील: आमची पश्चिम रेल्वे. २०२३, खार-गोरेगाव सहावी लाइन, दिवाळी तोंडावर. माहीमच्या कंदील गल्लीतून भलामोठा कंदील घेतला आणि मग कळलं की गाड्या कमी आहेत. बोरिवलीपर्यंत डोक्यावर धरून उभी. लेडीज डब्यातल्या सगळ्या बायका आळीपाळीने धरत होत्या, एकीने तर झिरमिळ्यांची वेणी घालून दिली, अडकू नयेत म्हणून. एक पाकळी फाटली फक्त.

मीठभाकर: केवढ्याला पडला? आम्हाला चारशे सांगतात.

आकाशकंदील: सहाशे म्हणाला, साडेचारशेला दिला. गल्लीत आत आत जायचं, तोंडाशी घ्यायचा नाही.

माझगावची_आई: तुमचे ब्लॉक तासांत संपले हो. आमचा रुळांवरचा हँकॉक पूल, १८७९ चा, जानेवारी २०१६ मध्ये एका रविवारी पाडला. ब्लॉक १८ तासांचा. आणि नवा पूल सुरू झाला ऑगस्ट २०२२ मध्ये! पूल गेल्यावर पोरं रूळ ओलांडून शाळेत जायला लागली. मी लेकाला हाताला धरून लांबून वळसा घालायचे, रोज त्याची तीच कटकट, "सगळे तिकडून जातात." पूल उघडला तेव्हा तो कॉलेजात. म्हणतो, आई, आता बाईक दे.

डाऊनफास्ट: 😂😂 दिली का?

माझगावची_आई: लायसन्स काढू दे आधी.

धारावीकर: सायनचा रुळांवरचा पूल १ ऑगस्ट २०२४ ला गाड्यांना बंद झाला. आमच्या घरातून हॉस्पिटल दिसतं, रिक्षावाला मात्र "कुठून नेऊ?" विचारायला लागला. बहिणीला कळा सुरू झाल्या तेव्हा हाच प्रश्न. मुलगी झाली, दोघी ठणठणीत. लाडाने पुली म्हणतो 🙈

खडीवाली: अरे देवा, बिचारी 😄

कोपरीकर: शीळफाट्याची मिसळ कुठली? नाव टाका.

सातबावन्न_डोंबिवली: सासूबाईंना विचारून सांगते. त्या आता डासही लांबून ओळखतात. दुसऱ्या डोळ्याची तारीख काढतोय, आधी रविवारच्या ब्लॉकची यादी बघतेय.

मीठभाकर: ऑपरेशननंतर थेंब किती दिवस घालायचे हो? आमच्या बाबांचं बुधवारी आहे.