मदत हवी आहे : यूथ कॅम्पच्या लीडर्ससाठी नियम

सगळ्यांना सलाम. आम्ही कोल्हापुरातली काही तरुण मंडळी मे महिन्यात पन्हाळ्यावर यूथ कॅम्प घेतो, पोरं बहुतेक आठवी ते बारावीची. गाणी, बायबल स्टडी, जेवण सगळं झकास होतं, पण लीडर कोण होणार हे ठरतं कसं तर "गिटार भारी वाजवतो, घ्या त्याला". बायबलमधल्या १ तीमथ्य ३ मध्ये मंडळीच्या सेवकांची आधी पारख करा असं स्पष्ट लिहिलंय की, मग आपण का करत नाही?

यंदा लेखी नियम करायचेत. एकट्या मुला-मुलीला बंद खोलीत भेटायचं नाही, रात्री पर्सनल व्हॉट्सॲप मेसेज नाहीत, पैशाचा हिशोब दोघांच्या सहीनं. पॉक्सो कायदा २०१२ प्रमाणे अठराच्या आतल्या मुला-मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे, "चर्चची बदनामी होईल, आपापसात मिटवू" चालत नाही, हे तर पहिल्याच पानावर टाकणार.

अडलंय ते इथं: खुद्द कॅम्प डायरेक्टरचीच तक्रार असेल तर पोरांनी सांगायचं कुणाला? पाळक साहेब त्याचेच मामा आहेत (आपल्याकडं सगळेच पाहुणे निघतात म्हणा). बाहेरचा माणूस नेमलाय का कुणी? आणि कुणाकडं मराठीत तयार फॉर्म असेल तर पाठवा राव.