पावसात डोनटचं ग्लेझ टिकत नाही, मदत हवी आहे

मंडळी, कोल्हापुरात राजारामपुरीत आमची छोटी बेकरी आहे, खारी, बटर, पाव नेहमीचं आणि आता सकाळी बिनअंड्याचे डोनट पण काढतोय, शाळेची पोरं लई आवडीनं खातात. पण पावसाळा लागला की पिठीसाखरेचं ग्लेझ (डोनटवरचा चकचकीत थर) हवेतला दमटपणा ओढून घेतं आणि दुपारपर्यंत पाणी सुटून सगळं चिकट. तेल १८० डिग्रीच्या आसपासच ठेवतो, त्यामुळं डोनट तेल पीत नाहीत, तळण्याचा प्रश्न नाही. ग्लेझ कोमट डोनटवर लावायचं की पूर्ण गार झाल्यावर? ग्लेझमध्ये अगर-अगर (समुद्री शेवाळापासूनची, घट्टपणा आणणारी पावडर) कुणी वापरलंय का, प्रमाण किती धरता? एसी सध्या परवडत नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या बेकरीवाल्यांनी प्लीज सांगा, पोरांना चांगलाच माल द्यायचाय.